मुलीला एमडी मानसोपचार करायचंय. या क्षेत्रातल्या लोकांनी सांगा, तुम्ही इकडं का आलात?

द्राक्षबाग_पलूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यातला, चार एकर द्राक्षबाग आहे. एरवी इथं डाउनी रोगाच्या आणि छाटणीच्या धाग्यांवर लिहितो. आज विषय वेगळा आहे.

थोरली मुलगी एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपली, नीट पीजीचा निकाल लागला. तिच्या रँकला भूलशास्त्र मिळेल असं सीनियर सांगतात. सांगली-मिरजेत एवढी हॉस्पिटलं, भूल देणाऱ्याला कामाचा तोटा नाही. आणि पोरगी म्हणतेय, अण्णा, मी मानसोपचार पहिल्या पसंतीला टाकणार.

आठ दिवस घरात हाच विषय. तिची आत्या म्हणाली, "एवढं शिकवून शेवटी वेड्यांची डॉक्टर?" मी आत्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही पोटात तेच होतं. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून पोरीचं काय होईल? पुढं लग्नाचं बघायचं, तिथं काय सांगायचं? आणि आमच्या घरात तसलं कुणाला काही नाही, मग हे तिच्या डोक्यात आलं कुठून?

तिला विचारलं तर "मला आवडतं" एवढंच म्हणते. पसंती भरायला दहा दिवस आहेत. जे या कामात आहेत त्यांनी सांगावं, तुम्ही का आलात आणि आल्यावर का राहिलात. पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा.

मिरज_ओपीडी

अण्णा, मी २२ वर्षं मानसोपचार करतोय. मिरजेतच शिकलो, इथंच बसतो. स्वतःचं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, मी आवडीनं आलो नव्हतो. मला मेडिसिन हवं होतं, थोडक्यात हुकलं. मानसोपचाराकडं तेव्हा फारसं कुणी वळत नसे. घरी सांगितलं, सहा महिने जातो आणि पुन्हा परीक्षा देतो.

त्या सहा महिन्यांतला एक मुलगा सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. खानापूर तालुक्यातला, गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत. तुमच्याकडचे लोक जाणतात, विटा-आटपाडीकडची पोरं सोनं-चांदी गाळायला भारतभर जातात, पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडतात. या मुलाची झोप उडाली. चार रात्री जागा, सारखी बडबड, मोठमोठ्या योजना, दुकानातलं सोनं रस्त्यावर वाटायला निघाला. मालकानं गावाकडं धाडला. गावात दोन महिने देवऋषी, उतारे, अंगारे. आमच्याकडं जीपमधून उतरवला तेव्हा हात दोरीनं बांधलेले होते.

लिथियम सुरू केलं, रक्तातली पातळी बघत बघत डोस बसवला. हे औषध म्हणजे एक साधा क्षार. उन्मादावर ते चालतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवलं. आजही स्वस्त आहे. तीन आठवड्यांनी तो मुलगा स्वतःच्या पायांनी माझ्या टेबलापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, मी दुकानात मालकीणबाईंना काही वाईट बोललो का हो?"

अण्णा, तो मुलगा परत आला होता. मी तोवर बरे होणारे न्यूमोनिया पाहिले होते, बसणारी हाडं पाहिली होती. पण माणूसच गेलेला आणि तो परत आलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुन्हा परीक्षा दिली नाही. तो अजून येतो, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या घेऊन, आता त्याच्या पोराची दहावी झाली.

मुलीच्या रँकला दुसरी चांगली ब्रँच मिळत असताना ती हे मागतेय, ही मोठी गोष्ट आहे. कारण विचारा, पण उलटतपासणी करू नका.

माणदेशी_ताई

मी सातारा जिल्ह्यात सोशल वर्कर आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. हा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवर १९९६ पासून. टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स असतात. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी ओपीडी असते. महाबळेश्वरकडचा पाऊस आणि माणकडचा दुष्काळ एकाच आठवड्यात बघायला मिळतो.

माझं कारण पाटण. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरड कोसळली तेव्हा मी एमएसडब्ल्यूच्या म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्हाला मदतीचं सामान मोजायला पाठवलं होतं. चादरी, बादल्या, तांदूळ, त्याच्या याद्या करायच्या. एका शाळेत लोकांना ठेवलं होतं. तिथं एक आजी रोज यायच्या, काही न घेता शेजारी बसायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पत्र्यावर पाऊस वाजला की मला वाटतं डोंगर निघाला." माझ्या यादीत त्या वाक्यासाठी रकाना नव्हता. काय बोलावं ते मला कळेना. मी नुसती त्यांच्याजवळ बसले, पण वसतिगृहावर परत आल्यावर मी चिडले होते. दोन वर्षं शिकून मला माणसाच्या भीतीला उत्तर येत नव्हतं. तिथून मी मनोरुग्णांच्या सामाजिक कार्याकडं वळले.

आता उत्तर येतं का? कधी येतं. निदान भीतीचं नाव कळतं, कुणाला गोळी लागेल, कुणाला नुसतं बोलणं पुरेल, हे कळतं.

दुसरं सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही दिवसभर रडणं ऐकतो. माझं निम्मं काम पायी फिरण्याचं आहे. एका वाडीत एक माणूस गोठ्याशेजारी साखळीनं बांधलेला होता, अकरा वर्षं. घरचे वाईट नव्हते हो. आई रोज त्याला भरवायची. साखळी नसती तर तो विहिरीकडं जाईल अशी तिला भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी आहे, पण तिथं उभं राहून कलम वाचून दाखवलं असतं तर तिनं दार लावून घेतलं असतं. पाच चकरा मारल्या. गोळ्या चालू झाल्या, मग रात्रीपुरती साखळी, मग ती खुंटीला. सहाव्या चकरेला तोच माणूस चहा घेऊन आला, कपबशीत, अर्धा सांडत. तो चहा घेण्यासाठी मी सहा वेळा काय, साठ वेळा गेले असते.

मोकळा_श्वास

माझं कारण मी स्वतः आहे. मी १४ वर्षं दारू प्यालो. आता सातारा जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाचा मदतनीस आहे.

दारुड्याला दारुड्याची भाषा कळते, यावर या कामाचा मोठा भाग उभा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथं बरे झालेले मित्रच पुढं कार्यकर्ते झाले. आमच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन हे तसंच केंद्र सुरू केलं. ते मिरजेच्याच मेडिकल कॉलेजचे. त्यांचा मुलगा हमीद दाभोलकर तर मानसोपचारतज्ज्ञच झाले. अण्णा, घरातून हे येतं ते असं.

मी दाखल झालो तेव्हा पहिल्या रात्री माझ्या कॉटशेजारी एक कार्यकर्ता बसला होता. हातपाय थरथरत होते, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. डॉक्टरांनी औषध दिलं होतंच. तो माणूस म्हणाला, "मलापण दिसल्या होत्या. परवा सकाळी जातील." आणि तिसऱ्या सकाळी गेल्या. मला तेव्हाच वाटलं, कुणाच्या तरी कॉटशेजारी बसून हे वाक्य म्हणण्याइतकं आपल्याला नीट व्हायचं आहे.

आजवर किती जणांना म्हटलं ते मोजलं नाही.

कृष्णाकाठची

अण्णा, मी हे क्षेत्र सोडलेली आहे, म्हणून माझंही ऐका.

मोकळा_श्वास दादा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. स्वतःची जखम घेऊन या कामात येणं सगळ्यांना मानवत नाही. माझी आई नैराश्याची पेशंट होती. मी लहानपणापासून घरातला मूड ओळखून वागायला शिकले. बाबांची गाडी वाजली की आईचा चेहरा बघायचा आणि मग ठरवायचं, आज काही मागायचं की नाही. लोक म्हणायचे, हिला माणसं फार कळतात, हिनं सायकॉलॉजी घ्यावी. मी घेतली. एमए केलं.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर मी एका प्रकल्पात समुपदेशक म्हणून लागले. नाव घेत नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट, पगार तीन-तीन महिने थकलेला, दिवसाला पंचवीस घरं झाली पाहिजेत असा दट्ट्या. चिखल काढणाऱ्या बाईला विचारायचं, "तुम्हाला उदास वाटतं का?" आणि खूण करायची. माझ्या कामावर नजर ठेवणारं, माझं ऐकून घेणारं कुणीही वरिष्ठ नव्हतं. प्रत्येक घरात मला माझी आईच दिसायची. आठव्या महिन्यात मी स्वतः डॉक्टरांकडं गेले.

सेवा हा शब्द आमच्यावर फार वापरला गेला. सेवा म्हटलं की पगार विचारायची लाज वाटते. सेवा म्हटलं की थकलोय म्हणायची लाज वाटते. म्हणून मला वाटतं, मुलीला "तू का जातेस" याच्यासोबत "तुझं कोण ऐकणार आहे" हेही विचारा. एमडीला तीन वर्षं वरिष्ठांच्या हाताखाली जातात, ती बाजू तिची भक्कम आहे. माझी नव्हती.

मोकळा_श्वास

ताई, बरोबर आहे तुमचं. आमच्याकडं सोडल्यावर लगेच कुणाला कामाला घेत नाहीत. मला दोन वर्षं थांबवलं होतं. तेव्हा राग आला होता, आज कळतं का थांबवलं. आणि दारू सोडलेल्यांची मीटिंग माझी अजून चुकत नाही. तुम्ही आता बऱ्या आहात ना?

कृष्णाकाठची

हो दादा. शाळेत शिकवते. बरी आहे.

वॉर्ड_नंबर_सात

मी नर्स आहे. माझ्याकडं गोष्ट नाही. ड्यूटी लागली म्हणून आले. सरकारी नोकरीत बदली झाली ती प्रादेशिक मनोरुग्णालयात. महाराष्ट्रात अशी चार जुनी आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आईनं देवाला नवस बोलला की बदली रद्द होऊ दे.

दोन वर्षांनी बदली मिळत होती तेव्हा मी मागितली नाही. जनरल वॉर्डात पेशंट चार दिवसांत घरी जातो, त्याचं नाव लक्षात राहत नाही. इथं मला प्रत्येकीचं नाव, गाव, तिला चहात साखर किती लागते हे माहीत असायचं. आणि नर्सच्या नजरेला इथं किंमत आहे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असलेल्या पेशंटचं रक्त पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासायचं असतं, पांढऱ्या पेशी कमी होतात का बघायला. साधा घसा दुखतोय म्हणाली तरी मी डॉक्टरांना उठवायची. एकदा त्या घसादुखीनं एकीचा जीव वाचला.

सगळ्यांना कारण सापडतंच असं नाही. राहिले ते कामामुळं.

तासगाव_वाचक

एक माहिती, कारण धागा वाचून बारावीची पोरं-पोरी येतील. समुपदेशक होतो म्हणून तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे कोर्स गल्लोगल्ली निघालेत. माझ्या पुतणीनं असल्या एका ठिकाणी पंचेचाळीस हजार भरले आणि हातात एक लॅमिनेट केलेला कागद आला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. भरती होण्याआधी कोर्सला ती मान्यता आहे का हे बघा. तुमच्या मुलीला हा प्रश्न नाही, ती डॉक्टरच आहे.

मिरज_ओपीडी

दोन-तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं राहिलं.

काम आहे का? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सज्ञान माणसांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. जतला, आटपाडीला बसणारा एक जण मिळाला तर त्याची ओपीडी पहिल्या महिन्यात भरेल. भूल देणाऱ्याला मशीन, ऑपरेशन थिएटर, सर्जन लागतो. आम्हाला टेबल, दोन खुर्च्या आणि वेळ लागतो. वेळ सगळ्यांत महाग.

दुःख ऐकून काय होतं? नवा असताना घरी घेऊन जायचो. एका आत्महत्येनंतर मी तीन महिने रात्री फोन उशाशी ठेवून झोपत होतो. माझ्या सरांनी मला प्रत्येक शनिवारी समोर बसवून ती केस पुन्हा पुन्हा सांगायला लावली, रडू आलं तरी. ते ऐकून घेणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे, कृष्णाकाठची ताईंना तेच मिळालं नाही, आणि ती आमच्या क्षेत्राची चूक आहे, त्यांची नाही.

आणि अण्णा, एक वैयक्तिक. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतो. "मदत करायची आहे" हे उत्तर मी घेत नाही, मदत शिक्षकही करतो आणि पोस्टमनही करायचा. मग थोड्या वेळानं बरेच जण एखादं नाव घेतात. मामा, शेजारची काकू, वर्गमैत्रीण, कधी स्वतः. सगळे नाही, पण बरेच. मुलीला पुन्हा विचारा, पण एकटीला, बांधावर चालताना वगैरे. समोरासमोर बसवून नको.

द्राक्षबाग_पलूस (धागाकर्ता)

कालपासून तीनदा लिहिलं आणि खोडलं.

वर मी लिहिलंय की आमच्या घरात तसलं कुणाला काही नाही. ते खोटं आहे. मुद्दाम खोटं बोललो असंही नाही, इतकी वर्षं तसं सांगून सांगून हाताला तेच वळण लागलंय.

माझा धाकटा भाऊ. १९९८ साली बावीसचा होता, आयटीआय झालेला, हात सोन्यासारखा. विहिरीत कुणीतरी औषध टाकलंय म्हणून घरचं पाणी प्यायचा बंद झाला. रेडिओवर आपलं नाव घेतात म्हणायचा. औदुंबरला प्रदक्षिणा घातल्या, नरसोबाच्या वाडीला नेला, मिरजेच्या दर्ग्यात नेला, एका बाईनं लिंबं कापली. पाच वर्षं गेली त्यात. २००३ ला एका डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलं आणि गोळ्या चालू केल्या. खूप फरक पडला. पण तोवर लग्नाचं वय, नोकरी, सगळं हातचं गेलं होतं. मळ्यात खोली बांधून दिली. पाहुण्यांना सांगायचं, शेताकडं बघतो, त्याला माणसांची आवड नाही. बहिणीच्या वेळी पाहुणे आले तेव्हा आम्ही त्याला दोन दिवस मळ्यातच राहायला सांगितलं होतं. तो राहिला. काही बोलला नाही.

काल संध्याकाळी बांधावर पोरीला विचारलं. म्हणाली, "अण्णा, काका." एवढंच आधी. मग हळूहळू बोलली. नऊ वर्षांची असल्यापासून मळ्यात डबा तीच न्यायची, आणि डब्यासोबत गोळी. आम्ही तिला सांगितलं होतं ती ताकदीची गोळी आहे. तिनं पाकिटावरचं नाव वाचून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्राच्या पुस्तकात तेच नाव दिसलं, म्हणाली, "मी वर्गात पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन बसले. तेव्हाच ठरलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर काकाचा विषय निघाला असता, आणि घरात तो कुणाला काढायचा नसतो."

मी काय बोलणार. बागेत पाणी चालू होतं, ते बघत उभा राहिलो.

पसंती तिनं भरली. पहिली मानसोपचारच. मी शेजारी बसलो होतो.

माणदेशी_ताई

अण्णा, लिहिलंत हे फार मोठं केलंत. काकांचं आता कसं आहे?

मिरज_ओपीडी

मीही तेच विचारणार होतो. शेवटचं डॉक्टरांना कधी दाखवलं? या गोळ्यांनी वजन, साखर, कोलेस्टेरॉल वाढू शकतं, अधूनमधून तपासावं लागतं. २००३ ची चिठ्ठीच पुढं चालू असेल तर एकदा नीट बघायला हवं. आणि गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

द्राक्षबाग_पलूस (धागाकर्ता)

खरं सांगू का, दाखवून चार वर्षं झाली. तीच गोळी मेडिकलमधून आणतो. तो शांत आहे म्हणून गरज वाटली नाही. आता तुम्ही साखरेचं म्हणालात, तर अलीकडं त्याला तहान फार लागते.

मिरज_ओपीडी

मग उशीर नको. उपाशीपोटी साखर उद्याच गावात तपासून घ्या. माझ्याकडंच या असं नाही, तुम्हाला सोयीचं असेल तिथं जा. जुनी फाइल असेल ती आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या.

वॉर्ड_नंबर_सात

आणि त्यांना आधी सांगून न्या, फसवून नको. कुठं चाललोय, का चाललोय, कोण सोबत आहे. रात्री-बेरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा, २४ तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

द्राक्षबाग_पलूस (धागाकर्ता)

सांगितलं त्याला. मंगळवारी चाललोय मिरजेला. आधी नको म्हणाला, मग विचारलं, पोरगी येणार आहे का. येणार आहे म्हटल्यावर म्हणाला, मग दिवाळीचा शर्ट काढून ठेव.